शिल्डनचं रेल्वे संग्रहालय: वाफेची पहिली इंजिनं नीट पाहायची तर

इंग्लंडला गेलेला रेल्वेप्रेमी मराठी माणूस बहुधा यॉर्कला जातो. यॉर्कचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय मोठं आहे, चांगलं आहे, पण अगदी सुरुवातीच्या काळातली इंजिनं पाहायची असतील तर ते ठिकाण नव्हे. १८२९ चं प्रसिद्ध इंजिन, मूळ ‘रॉकेट’, आता तिथे नाही. ते शिल्डनला आहे, डरहॅम परगण्यातल्या एका छोट्या गावात, ‘लोकोमोशन’ नावाच्या संग्रहालयात. यॉर्कच्याच संस्थेची ही शाखा २००४ साली उघडली. प्रवेश मोफत. आणि रेल्वे जिथून सुरू झाली तीच ही जागा: २७ सप्टेंबर १८२५ रोजी स्टॉकटन–डार्लिंग्टन रेल्वेची पहिली गाडी वाफेच्या इंजिनाला जोडली गेली ती शिल्डनमध्येच.

निघण्याआधी

पहिलं काम घरबसल्या करायचं. जुनी इंजिनं एका जागी राहत नाहीत, प्रदर्शनांसाठी हलवली जातात. ‘लोकोमोशन क्रमांक १’ हे सगळ्यांत महत्त्वाचं इंजिन शिल्डन आणि डार्लिंग्टनचं ‘होपटाउन’ संग्रहालय यांच्यात वाटून घेतलेलं आहे, त्यामुळे ते कधी इथे असतं तर कधी तिथे. यॉर्क आणि शिल्डनची संग्रहालयं चालवणाऱ्या सायन्स म्युझियम ग्रुपच्या संकेतस्थळावर प्रत्येक वस्तूचं वेगळं पान असतं आणि सध्या ती कुठे मांडली आहे हे त्यावर दिलेलं असतं. ‘रॉकेट’, ‘सॉं पारेय’ आणि ‘लोकोमोशन’ ही तीन इंजिनांची नावं तिथे शोधा. संग्रहालयाचा वार आणि वेळ त्याच बैठकीत बघून ठेवा, कारण हिवाळ्यात आणि शाळा चालू असताना आठवड्यातले काही दिवस बंद असू शकतं.

वाफेवर गाडी चालवून दाखवण्याचे दिवस वेगळे ठरलेले असतात. त्या दिवशी गर्दी जास्त, पण चालतं इंजिन बघायला मिळतं. शांतपणे बघायचं असेल तर साधा दिवस निवडा. लहान मुलं बरोबर असतील तर वाफेचाच दिवस गाठा. उभ्या लोखंडाकडे मुलं दहा मिनिटं बघतात, मग भुकेची आठवण होते.

पोहोचायचं कसं

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून डार्लिंग्टन साधारण अडीच तास, यॉर्कहून अर्धा तास. डार्लिंग्टनला गाडी बदलायची. तिथून शिल्डन वीस-पंचवीस मिनिटांवर आहे, पण गाडी साधारण तासाला एकच असते आणि रविवारी त्याहून कमी.

इथे हमखास होणारी चूक अशी: लोक फलकावर ‘शिल्डन’ शोधतात. फलकावर शेवटच्या स्टेशनचं नाव मोठं असतं, म्हणून ‘बिशप ऑकलंड’ शोधा. त्याच मार्गावरच्या उलट दिशेच्या गाड्या सॉल्टबर्नला जातात. घाईत डबे सारखेच दिसतात, आणि चुकून त्यात बसलात की समुद्राकडे निघालात म्हणून समजा.

तिकीट काढताना लंडन ते डार्लिंग्टन स्वस्त तिकीट आणि पुढचं वेगळं, असं करू नका. स्वस्त आगाऊ तिकीट ठरावीक गाडीपुरतंच असतं. लंडन ते शिल्डन असं सलग तिकीट असेल आणि पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर पुढच्या गाडीने नेणं ही रेल्वेची जबाबदारी. वेगवेगळी तिकिटं काढून जोडगाडीला पाच मिनिटंच ठेवली असतील, तर उशिराचा भुर्दंड तुमच्या खिशातून जाऊ शकतो. दोघं मिळून फिरणाऱ्यांना ‘टू टुगेदर’ रेलकार्डावर एक तृतीयांश सवलत मिळते. लंडनहून जाऊन-येऊन एकाच प्रवासात कार्डाचे पैसे बहुतेक वसूल होतात.

डार्लिंग्टनहून निघालात की मोबाइल खिशात ठेवा. नॉर्थ रोड स्टेशन सोडल्यानंतरचा बराचसा मार्ग १८२५ चाच आहे. वाटेतलं हायिंग्टन स्टेशन चुकवू नका. न्यूकॅसलच्या कारखान्यातून रस्त्याने आणलेलं ‘लोकोमोशन’ पहिल्यांदा रुळांवर ठेवलं गेलं ते इथेच, तेव्हाच्या एक्लिफ लेनला. तीन वर्षांनी, १८२८ मध्ये, त्याच इंजिनाचा बॉयलर याच भागात फुटला आणि चालक मरण पावला. गाडी इथे मिनिटभरही थांबत नाही.

बरोबर काय घ्यावं

पायात आरामाचे बूट, कारण परिसर लांबट आहे. एका टोकाला मोठे हॉल, दुसऱ्या टोकाला जुन्या इमारती, मध्ये सुमारे अर्धा मैल चाल. उन्हाळ्यातही एक स्वेटर ठेवा. वाफेच्या दिवशी पांढरे कपडे नकोत. धुराड्यातून उडणारे काजळीचे कण कपड्यावर पडले आणि तुम्ही हाताने झटकले, की काळा ओरखडा राहतो. कण पडलाच तर फुंकर मारून उडवा. शाकाहारी असाल तर डबा घेऊन जा. गाव छोटं आहे, पर्याय मोजके. मोठ्या बॅगा डार्लिंग्टनच्या हॉटेलातच ठेवा.

वेळ किती? फक्त इंजिनांसाठी दोन तास, परिसरासह चार.

आत गेल्यावर: रॉकेटकडे धावू नका

सगळे तेच करतात आणि सगळ्यांचा विरस होतो. डोक्यात पिवळंधमक रॉकेट असतं आणि समोर उभं असतं काळपट, भाग गळालेलं, थकलेलं यंत्र. पिवळं दिसतं ती प्रतिकृती. मूळ इंजिनाने दहा वर्षं राबून बरेच बदल सोसले आणि १८६२ मध्ये ते संग्रहालयाच्या हाती आलं. त्याची गंमत कळायला आधीची दोन इंजिनं बघावी लागतात. म्हणून क्रम असा ठेवा: लोकोमोशन, मग सॉं पारेय, मग रॉकेट. लोकोमोशन त्या वेळी डार्लिंग्टनला असेल तर उरलेल्या दोघांचा क्रम तोच ठेवायचा.

प्रत्येक इंजिनाभोवती एक पूर्ण फेरी मारा आणि पाच गोष्टी शोधा: भट्टीचं दार कुठे आहे, धुराडं कोणत्या टोकाला आहे, सिलिंडर उभे आहेत की तिरके, चाकं एकमेकांना दांड्याने जोडलेली आहेत का, आणि खाली स्प्रिंगा आहेत का. माहितीफलक नंतर वाचा. आधी फलक वाचला की डोळे फलकातलंच शोधतात.

लोकोमोशन (१८२५). जॉर्ज आणि रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या न्यूकॅसलच्या कारखान्यातलं हे इंजिन. सिलिंडर दोन, दोन्ही उभे, बॉयलरच्या माथ्यातच रुतवलेले. दट्ट्या (पिस्टन) वर-खाली होतो, त्यावरच्या आडव्या दांड्यांपासून लांब दांडे दोन्ही बाजूंनी खाली चाकांपर्यंत येतात. वर मान करून हे सगळं जुळवायला पाच मिनिटं लागतात, ती द्या. मग चाकांकडे या. पुढचं आणि मागचं चाक बाहेरून एका दांड्याने जोडलेलं दिसेल. आधीच्या इंजिनांत हे काम साखळी करायची, आणि साखळी ताणून सैल पडायची. पुढे जगभरच्या वाफेच्या इंजिनांवर दिसणारा जोडदांडा तो हाच.

स्प्रिंगा मात्र नाहीत, आणि त्याला कारण आहे. उभा सिलिंडर बॉयलरवर आणि चाक खाली असताना मध्ये स्प्रिंग घातली, तर दट्ट्याच्या प्रत्येक ठोक्याला इंजिनच वर-खाली झुलेल आणि दांड्याचं माप चुकेल. म्हणून स्प्रिंग नाही. परिणामी सगळा ठोका रुळांवर, आणि ओतीव लोखंडाचे रूळ तर ठिसूळ. या रेल्वेने बराच भाग घडीव लोखंडाच्या रुळांनी बांधला, तो यामुळेच.

एक सावधगिरी. समोर आहे ते जसंच्या तसं १८२५ चं इंजिन नाही. बॉयलर फुटल्यावर ते पुन्हा बांधलं गेलं, नंतरही दुरुस्त्या झाल्या, रेल्वेतून निघाल्यावर ते १८५७ पर्यंत पाणी उपसण्याच्या कामावर होतं. जुनं इंजिन बघताना ‘हा भाग कधीचा?’ हा प्रश्न तिथल्या स्वयंसेवकांना जरूर विचारा. गावातला मालगाडीच्या वाघिणींचा कारखाना १९८४ मध्ये बंद पडला, तेव्हा इथल्या कित्येक घरांत रेल्वेकाम होतं. एका प्रश्नावर अर्धा तास सहज मिळतो. त्यांचं बोलणं कानाला जड जातं. सावकाश बोला म्हटलं तर कोणी रागावत नाही.

सॉं पारेय (१८२९). हे शिल्डनचं स्वतःचं इंजिन. बांधणारे टिमथी हॅकवर्थ या रेल्वेच्या इंजिनांचे प्रमुख होते आणि इथेच राहत. आता धुराडं शोधा. भट्टीचं दार आणि धुराडं एकाच टोकाला दिसेल. बघणारा इथे गोंधळतो, त्याला वाटतं भट्टी दुसऱ्या बाजूला असणार. आतली मोठी नळी भट्टीतून निघून बॉयलरच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि वळून परत येते. धूर दोनदा पाण्यातून जातो, त्यामुळे जास्त उष्णता पाण्याला मिळते. म्हणजे कोळसा टाकणारा धुराड्याच्या टोकाला आणि चालक विरुद्ध टोकाला.

हे इंजिन १८२९ च्या ऑक्टोबरात रेनहिलच्या चाचणीत उतरलं. लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेने ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. अटी कडक होत्या: चार चाकांचं इंजिन साडेचार टनांच्या आत, स्वतःच्या वजनाच्या तिप्पट ओझं, सरासरी ताशी १० मैल, आणि छोट्या पट्ट्यावर येरझाऱ्या घालत एकूण ७० मैल. सॉं पारेय वजनाच्या अटीत बसत नव्हतं, तरी धावू दिलं. वापरलेली वाफ धुराड्यात इतक्या जोरात सोडली जायची की अर्धवट जळलेला कोक वरून बाहेर उडायचा. इंधन जास्त खाल्लं, मग पाण्याचा पंप बंद पडला आणि चाचणी संपली. पण इंजिन निरुपयोगी नव्हतं. पुढे कित्येक वर्षं ते बोल्टन–ली रेल्वेवर धावलं आणि त्यानंतर १८६३ पर्यंत एका कोळसाखाणीवर एका जागी उभं राहून काम करत होतं. हरलेल्या इंजिनाबद्दल हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

रॉकेट (१८२९). रेनहिलची चाचणी जिंकली ती याने. आता इथे या, आणि समोरून नव्हे, भट्टीच्या टोकापासून सुरुवात करा. खरा बदल बॉयलरच्या आत आहे. एका जाड नळीऐवजी तांब्याच्या २५ बारीक नळ्या, प्रत्येकी सुमारे ३ इंच व्यासाच्या, सहा फूट लांब. कल्पना लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेचे खजिनदार हेन्री बूथ यांनी सुचवली होती.

फरक किती पडतो ते कागदावर करून बघा, मुलांकडूनही करून घ्या. तीन इंची २५ नळ्यांचं तोंड मिळून जितकं क्षेत्र होतं, तितकंच १५ इंची एका नळीचं होतं (३ चा वर्ग ९, गुणिले २५ म्हणजे २२५, आणि १५ चा वर्गही २२५). म्हणजे धूर जायला वाट तेवढीच. पण पाण्याला चिकटलेला नळीचा पृष्ठभाग? सहा फूट लांबीची १५ इंची एक नळी जेमतेम २४ चौरस फूट देते, २५ नळ्या मिळून देतात ११८ चौरस फूट. जवळजवळ पाचपट. बॉयलर न वाढवता, वजन न वाढवता. रॉकेटचं वजन सव्वाचार टन, म्हणजे अटीत आरामात.

बारीक नळ्यांमुळे धूर अडतो, मग भट्टीला हवा कशी मिळणार? त्यासाठी वापरून झालेली वाफ धुराड्यात वर सोडली जाते. वाफ जाताना धूर ओढून नेते आणि मागून भट्टीत ताजी हवा येते. गाडी जितकी जोरात चालेल तितकी आग भडकते. वाफेच्या दिवशी धुराड्यातून येणारा ‘फस्स-फस्स’ हा तोच आवाज. आवाजाची लय वाढली की धुराचा रंगही बदलतो, ते बघा.

मग सिलिंडर. मुळात ते मागे उंचावर, ३८ अंशांत तिरके होते. वेगात इंजिन डुलायला लागलं म्हणून नंतर ते जवळजवळ आडवे केले. समोरच्या मूळ रॉकेटवर तुम्हाला ही खालची मांडणी दिसेल, पिवळ्या प्रतिकृतीवर तिरकी. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले की काही वर्षांत काय शिकले ते उलगडतं. तिरक्या सिलिंडरमुळे स्प्रिंगा घालणं शक्य झालं, त्या शोधा. मोठं चाक ४ फूट साडेआठ इंचांचं, म्हणजे रुळांमधल्या अंतराइतकंच. हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोपा.

इथे आपला धागा जुळतो. रॉकेट रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्यात बांधलं गेलं आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेले जेम्स बर्कले पुढे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे मुख्य अभियंता म्हणून मुंबईत आले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी नेणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनं इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतली होती. बारीक नळ्यांचा बॉयलर आणि धुराड्यात सोडलेली वाफ ही रॉकेटची रीत तोवर सगळ्यांचीच झाली होती. फरक रुळांचा: इंग्लंडमध्ये १४३५ मिलिमीटर, आपल्याकडे १६७६. शिल्डनचे डबे अरुंद वाटतात त्यात याचाही हात आहे.

इंजिनं बघून झाल्यावर

न्यू हॉल २०२४ मध्ये उघडला. तिथे आणि मुख्य हॉलमध्ये नंतरच्या काळातलं बरंच आहे. वेळ कमी असेल तर ते सोडा, ‘चॉल्ड्रन’ ही कोळशाची वाघीण तेवढी बघा. वरून रुंद, खाली निमुळती, तळाला उघडणारं दार. कोळसा फावड्याने काढायचा नाही, दार सोडलं की सगळा खाली. रेल्वे आली ती माणसांसाठी नव्हे, या वाघिणींसाठी. स्टॉकटन–डार्लिंग्टन मार्गावर १८३३ पर्यंत प्रवाशांचे डबे घोडेच ओढत होते. आणि उतारावर गाडी आपोआप पळायची तेव्हा कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या घोड्याला मागच्या छोट्या गाडीत चढवायचे. घोडा गवत खात खाली यायचा. मुलांना हे सांगा, नळ्यांच्या गणितापेक्षा जास्त लक्षात राहतं.

मग बाहेर पडून हॅकवर्थ यांच्या घराकडे चालत जा. वाटेत कोळसा भरण्याची दगडी रचना लागते, १८४७ ची. वाघिणी वर न्यायच्या, इंजिन खाली उभं करायचं, घसरणीतून कोळसा थेट टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या गाडीत. जुन्या मार्गाच्या दगडी ठोकळ्यांकडे लक्ष ठेवा. दोन भोकं असलेला चौकोनी दगड म्हणजे रुळाखालचा आधार. लाकडी आडवे स्लीपर त्यांनी टाळले, कारण मध्ये घोड्याला चालायला जागा हवी होती.

फोटो काढताना काळ्या इंजिनाचा अख्खा फोटो मोबाइलवर बिघडतो, कारण मोबाइल काळं उजळवायला जातो आणि मागची खिडकी पांढरी पडते. खिडकी आपल्या पाठीमागे घेऊन उभे राहा, आणि पूर्ण इंजिनाऐवजी पाच भागांचे पाच फोटो काढा: भट्टीचं दार, धुराड्याचा पाया, सिलिंडर, जोडदांडा, स्प्रिंग. लोखंडाला हात लावू नका, घामाने गंज धरतो.

परतीच्या वाटेवर नॉर्थ रोड

शिल्डनहून दुपारी दोनच्या सुमारास निघालात तर परतताना नॉर्थ रोडला उतरा. होपटाउन संग्रहालय स्टेशनाला लागूनच आहे, १८४२ च्या जुन्या स्टेशनच्या इमारतीत आणि आसपासच्या कारखान्यात. तिथे ‘डरवेंट’ हे १८४५ चं इंजिन आहे. शिल्डनमध्ये जमवलेले पाच प्रश्न त्यालाही विचारा. दीड-दोन तास पुरतात. उतरल्या उतरल्या पुढच्या गाडीची वेळ मोबाइलवर टिपून घ्या. ती चुकली तर तासभर थांबण्यापेक्षा डार्लिंग्टनच्या मुख्य स्टेशनपर्यंत बस किंवा टॅक्सी बरी. चालत जायचं ठरवलंत तर वीस-पंचवीस मिनिटं हाताशी ठेवा.

लंडनला जायचं असेल आणि सवड असेल, तर दुसऱ्या दिवशी साउथ केन्सिंग्टनच्या सायन्स म्युझियममध्ये ‘पफिंग बिली’ बघून या. १८१३-१४ च्या सुमाराचं हे इंजिन आज शिल्लक असलेल्यांत सर्वांत जुनं. भट्टी आणि धुराडं कोणत्या टोकाला आहे ते बघितलंत की हॅकवर्थ यांनी सॉं पारेयमध्ये कुठली जुनी रीत धरून ठेवली होती ते लगेच ओळखाल.